मुंबईच्या दप्तरातले आखात

नववीच्या वर्गात नकाशा टांगून आम्ही मुलांना विचारले, "आपल्या कोकणातल्या माणसांचे आखाताशी नाते कधीपासूनचे?" मागच्या बाकावरून ताडकन उत्तर आले, "सर, तिकडे तेल सापडले तेव्हापासून!" वर्ग हसला. त्या वर्गातल्या कित्येक मुलांच्या प्रगतीपुस्तकावर आईचीच सही असते, कारण अब्बा बहरीनला, कुवेतला नाही तर दुबईला. उत्तर चुकीचे होते, पण चूक त्या मुलाची नव्हती. आपल्याला कुणी सांगितलेच नाही. आखाताशी मुसलमानाचा संबंध फक्त रियाल-दिनाराचा, असे लोक म्हणतात आणि आपणही मान डोलावतो. म्हणून हा जुना हिशेब एकदा मांडून पाहणे आवश्यक आहे.

हिशेब सुरू होतो तो बुशहरपासून. इराणच्या किनाऱ्यावरच्या या बंदरात १७६३ साली ईस्ट इंडिया कंपनीने वखार घातली. तिचा कारभार चालत असे मुंबईच्या सरकारकडून. पुढे वखारीचा व्यापार मागे पडला आणि राजकारण पुढे आले. १८१९ च्या अखेरीस मुंबईहूनच मेजर जनरल विल्यम ग्रँट कीर यांची फौज रास अल-खैमावर चालून गेली. जानेवारी १८२० मध्ये किनाऱ्यावरच्या शेखांशी तह झाला आणि बुशहरचा रेसिडेंट हळूहळू साऱ्या आखाताचा कारभारी होऊन बसला. १८३९ साली एडन घेतले, तेही मुंबईच्या ताब्यात आले. म्हणजे ज्या शहरात आपले आजे-पणजे गोदीत राबत होते, आगबोटींवर खलाशी आणि सारंग म्हणून चढत होते, त्याच शहरातून एडन आणि बुशहरला हुकूम जात होते.

पण कचेरी कुणाची, हा प्रश्न इंग्रजांनाही कधी नीट सुटला नाही. तेहरानच्या वकिलातीचे उदाहरण बघा. तिचा ताबा कधी लंडनच्या परराष्ट्र खात्याकडे, तर कधी हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्यांकडे, असा फिरत राहिला. १८५९ मध्ये हेन्री रॉलिन्सन तिथे वकील म्हणून गेले. हे गृहस्थ तरुणपणी कंपनीच्या नोकरीत मुंबईला आलेले, बेहिस्तूनचा शिलालेख वाचणारे विद्वान. नेमणूक झाली तेव्हा वकिलात इंडिया ऑफिसकडे होती. वर्षभरात ती पुन्हा परराष्ट्र खात्याकडे गेली आणि रॉलिन्सन यांनी राजीनामा दिला. इतक्या मोठ्या माणसालाही खाते बदलणे मानवले नाही, मग लहानांचे काय?

आखाताची पाळी आली १८७३ साली. बुशहरची रेसिडेन्सी मुंबई सरकारकडून काढून थेट हिंदुस्थान सरकारच्या परराष्ट्र खात्याकडे देण्यात आली. १८६४ मध्ये आखातातून समुद्री तार गेली होती. कलकत्त्याला बसून बुशहरला हुकूम सोडणे आता सोपे झाले होते, आणि परदेशाशी व्यवहार एकाच हाती असावा हा सरकारचा आग्रह होता. अधिकाराचे कागद कलकत्त्याला गेले. पण वाटा मात्र मुंबईच्याच राहिल्या. टपाल घेऊन जाणाऱ्या आगबोटी १८६२ पासून मुंबईहून नियमित सुटत होत्या, त्या सुटत राहिल्या. बहरीनचे मोती मुंबईच्या बाजारात विकले जात होते, ते विकले जात राहिले. खाते बदलले, तरी बाजार आणि बोट यांनी आपला रस्ता बदलला नाही.

या कचेऱ्यांत कामाला माणसे कोण होती? वर इंग्रज साहेब, तो थोड्या वर्षांनी बदलून जाणारा. खाली मुन्शी, दुभाषी, कारकून, डॉक्टर आणि 'नेटिव एजंट'. त्यांतले पुष्कळसे मुसलमान, अरबी-फारसी जाणणारे. बहरीनमध्ये १९०० पर्यंत इंग्रजांचा प्रतिनिधी हा असा स्थानिक एजंटच असे. शारजात तर ही पद्धत १९४९ पर्यंत टिकली. तिथे अब्दुल लतीफ आणि त्यांचे चिरंजीव ईसा या बापलेकांनी मिळून १८९० ते १९३५ एवढी वर्षे एजंटाचे काम केले. शेखांच्या दिवाणखान्यात काय बोलणे झाले, हे साहेबाला कळायचे ते अशाच माणसांच्या तोंडून. त्यांनी परक्या हुकूमतीची सेवा केली हे खरे, आणि ते झाकण्याचे कारण नाही. पण इतिहासाच्या पुस्तकात साहेबाचे नाव राहिले आणि मुन्शी नुसता मुन्शीच राहिला, हेही तितकेच खरे.

खर्च कुणाचा? हिंदुस्थानच्या रयतेचा. या कचेऱ्यांचा मोठा भार आपल्या तिजोरीवर पडे. इंग्लंड आणि हिंदुस्थान यांनी खर्च कसा वाटून घ्यावा, हे पाहण्यासाठी १८९५ साली वेल्बी कमिशन नेमावे लागले. दादाभाई नवरोजी त्याचे एक सभासद होते.

मग १९४७ साल उजाडले. एडन त्याआधीच हातचे गेले होते. १९३२ मध्ये ते मुंबईकडून दिल्लीकडे आणि १ एप्रिल १९३७ रोजी दिल्लीकडून लंडनच्या वसाहत खात्याकडे. आखाताची रेसिडेन्सी १९४६ मध्ये बुशहरहून बहरीनला हलवली होती. ऑगस्ट १९४७ मध्ये इंडिया ऑफिस बंद झाले. आता या कचेऱ्यांचा वारस कोण? ब्रिटनने आखात आपल्याकडेच ठेवले. काही महिने ते कॉमनवेल्थ खात्याकडे राहिले आणि १ एप्रिल १९४८ रोजी परराष्ट्र खात्याच्या स्वाधीन झाले.

शाळेत चार्ज द्यायचा झाला की डेड स्टॉक रजिस्टर पुढे ठेवून खुर्च्या, टेबले, नकाशे मोजले जातात. सह्या होतात. मुलांना मात्र कुणी विचारत नाही. आखातातही काहीसे असेच झाले. रेसिडेंट रूपर्ट हे हिंदुस्थानच्या राजकीय सेवेतले अधिकारी, ते त्याच खुर्चीवर १९५३ पर्यंत राहिले. फक्त धनी बदलला. तिकडे ल्हासामध्ये उलटा प्रकार! ती इंग्रजांची मिशन स्वतंत्र भारताकडे आली आणि ह्यू रिचर्डसन नावाचे इंग्रज गृहस्थ १९५० पर्यंत भारताचे प्रतिनिधी म्हणून तिथेच राहिले. खुर्ची तीच, माणूस तोच, झेंडा मात्र दुसरा.

टपालाची गंमत तर मुलांना सांगण्याजोगी आहे. मस्कत आणि दुबईची पोस्ट ऑफिसे हिंदुस्थानच्या टपाल खात्याची होती. फाळणीनंतर ती काही महिने पाकिस्तानकडे गेली आणि १ एप्रिल १९४८ पासून ब्रिटनकडे. त्यानंतरच्या तिकिटांवर चेहरा इंग्लंडच्या राजाचा आणि वर छापलेली किंमत आण्यांत! कारण बाजारात चालत होता आपला रुपया. तो पुढेही चालला. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या आणि तिथल्या राज्यांनी एकेक करून १९६१ ते १९७० या काळात आपापली नाणी आणली.

या फेरबदलात मधल्यामध्ये राहिला तो साधा माणूस. ज्या कचेरीच्या दारात काल हिंदुस्थानी कारकुनाशी आपल्या बोलीत बोलता येत होते, ती आज परक्या देशाची कचेरी झाली. मस्कतला भारताचा वाणिज्य दूतावास उघडायला १९५५ साल यावे लागले. १९७१ मध्ये ब्रिटन आखातातून निघून गेले, तेलाचे भाव चढले आणि कोकणातले तरुण पुन्हा त्याच दिशेने निघाले. आपण नव्याच मुलुखात चाललो आहोत, असे त्यांना वाटले. बिचाऱ्यांना काय ठाऊक, की या वाटेवर त्यांच्या पूर्वजांनी शे-सव्वाशे वर्षे ये-जा केली आहे!

आणि खात्यांचा खेळ संपला म्हणता? १९८३ च्या कायद्याने परदेशी जाणाऱ्या मजुरांच्या रक्षणाचे काम श्रम मंत्रालयाकडे होते. २००४ मध्ये त्यासाठी वेगळे मंत्रालय निघाले आणि काम तिकडे गेले. २०१६ मध्ये ते मंत्रालयच परराष्ट्र मंत्रालयात विलीन झाले. प्रत्येक वेळी कारभार सुटसुटीत होईल असे सांगितले गेले, काही बाबतीत झालाही असेल. पण ज्याचा पासपोर्ट मालकाने दाबून ठेवला आहे, त्याला एवढेच हवे असते की आपली अर्जी ऐकणारा कुणीतरी खुर्चीवर असावा.

कचेरी फिरली तसे कागदही पांगले. काही मुंबईत, काही दिल्लीत, फार मोठा भाग लंडनला. शारजाचे शासक शेख सुलतान अल-कासिमी यांनी आपल्या पूर्वजांवरचा चाचेगिरीचा ठपका खोडून काढणारा ग्रंथ १९८६ साली प्रसिद्ध केला. त्यासाठी त्यांनी मोठा आधार घेतला तो मुंबईच्या दप्तराचा. रेसिडेन्सीचे लंडनमधले कागदही २०१४ पासून कतारच्या पुढाकाराने इंटरनेटवर वाचायला मिळतात. अरब आपला इतिहास शोधायला आपल्या शहराच्या कागदांपर्यंत पोचले. आणि आपण?

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या मुलाला फळ्यापाशी बोलावले आणि मुंबईपासून बुशहरपर्यंत खडूने रेघ ओढायला सांगितली. मग म्हटले, "बेटा, अब्बांचा फोन आला की त्यांना सांग, तुम्ही गेलात ती वाट आपलीच आहे." रेघ जरा वाकडी आली होती. आम्ही ती पुसली नाही.