वहीवाला कोच

१,३३० विजय, २२९ पराभव. ४३ हंगाम, एकच विद्यापीठ आणि ७ राष्ट्रीय विजेतेपदं. या वीकांताला ज्याच्याबद्दल लिहायचंय त्याचा बायोडेटा एवढ्यात संपतो. नाव रस रोझ. नावावरून उन्हाळ्यातलं सरबत वाटेल, पण जीभ चांगलीच तिखट. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाच्या मुलींच्या व्हॉलीबॉल संघाचा हा कोच, १९७९ पासून २०२१ पर्यंत.

आता तुम्ही म्हणाल, कॉलेजच्या व्हॉलीबॉलचं एवढं काय? आपल्याकडे कॉलेजचा व्हॉलीबॉल म्हणजे जिमखान्यामागचं मातीचं मैदान, दोन खांब, कुठेतरी फाटलेलं नेट आणि वर्षातून एकदा आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा. तिकडचा मामला वेगळा. पण तोही कायम तसा नव्हता बरं का. १९७२ मध्ये अमेरिकेत 'टायटल नाइन' हा कायदा आला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत मुलगा-मुलगी असा भेद करायचा नाही, एवढंच त्याचं म्हणणं. कायदा शिक्षणाचा, पण त्यात खेळाचं मैदानही आलं आणि मुलींच्या संघांना हळूहळू पैसा, जागा, कोच मिळू लागले. विद्यापीठांच्या खेळांचा कारभार पाहणाऱ्या एनसीएए या संस्थेने मुलींची पहिली राष्ट्रीय व्हॉलीबॉल स्पर्धा घेतली १९८१ मध्ये. म्हणजे रोझ नोकरीवर रुजू झाला तेव्हा ही स्पर्धा अस्तित्वातच नव्हती! आणि ती सुरू झाल्यापासून तो निवृत्त होईपर्यंत एकाही वर्षी पेन स्टेट तिच्याबाहेर राहिलं नाही.

हा माणूस मला आवडतो त्याचं कारण मात्र विजेतेपदं नाहीत. कारण आहे त्याची वही.

रोझ शिकागोकडचा. जॉर्ज विल्यम्स कॉलेजमध्ये तो खेळला तेव्हा त्याचा कोच होता जिम कोलमन. हा कोलमन १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या पुरुष संघाचा कोच होता आणि व्हॉलीबॉलमध्ये आकडेवारी आणणाऱ्या पहिल्या काही लोकांपैकी एक. समोरून आलेली सर्व्हिस कशी उचलली, याला गुण देण्याच्या पद्धतीमागे त्याचं मोठं काम आहे. पुढे रोझ नेब्रास्का विद्यापीठात गेला, तिथे सहायक कोच म्हणून काम केलं आणि मास्टर्सचा प्रबंध लिहिला. विषय? व्हॉलीबॉलची आकडेवारी. साल १९७८. तेव्हा कॉम्प्युटर खोलीभर असायचा आणि त्याला व्हॉलीबॉलशी काही घेणंदेणं नव्हतं.

ही आकडेवारी म्हणजे नक्की काय, ते थोडक्यात सांगतो. समजा एका मुलीने ४० स्मॅश मारले. १८ वर गुण मिळाला, ८ नेटमध्ये किंवा बाहेर गेले, बाकीचे समोरच्यांनी उचलले. दुसरीने ३० मारले, १२ वर गुण, चुका फक्त २. टाळ्या कुणाला पडणार? पहिलीला, उघड आहे. पण गुणांमधून चुका वजा करून एकूण प्रयत्नांनी भागा. पहिलीचे १० भागिले ४०, म्हणजे .२५०. दुसरीचे १० भागिले ३०, म्हणजे .३३३. दोघींनी संघाला निव्वळ १०-१० गुणच दिले, पण पहिलीने त्यासाठी १० चेंडू जास्त वापरले. टाळ्यांच्या आवाजात हे कळत नाही. वहीत कळतं.

रोझ बाकावर बसून ही वही स्वतः लिहायचा. अगदी शेवटपर्यंत. आजूबाजूला लॅपटॉप आले, प्रत्येक चेंडूची नोंद ठेवणारी सॉफ्टवेअर आली, ती चालवणारे सहायक आले. तरी याच्या मांडीवर कागद आणि हातात पेन! मॅच चालू असताना आरडाओरडा फारसा नाही, नुसतं बघायचं आणि लिहायचं.

आणि एवढं करून विजेतेपद कधी मिळालं? एकविसाव्या हंगामात. १९९८ पर्यंत टेक्सास आणि नेब्रास्का यांचा एकेक अपवाद सोडला तर ही स्पर्धा कॅलिफोर्निया आणि हवाईच्या विद्यापीठांचीच असायची. पेन स्टेट १९९३ मध्ये अंतिम फेरीत हरलं. १९९७ मध्ये पुन्हा हरलं, पाचव्या सेटमध्ये. १९९८ मध्ये पुन्हा, परत पाचव्या सेटमध्ये! १९९९ मध्ये एकदाचं जमलं. आपल्याकडे दोन तिमाही टार्गेट हुकलं की मॅनेजर बदलतात. तिथे या माणसाला वीस वर्षं मिळाली आणि तो त्या वीस वर्षांत वही लिहीत राहिला.

मग आली ती प्रसिद्ध मालिका. सप्टेंबर २००७ मध्ये पेन स्टेट स्टॅनफोर्डकडून हरलं आणि त्यानंतर सलग १०९ सामने हरलंच नाही. २००८ च्या हंगामात तर उपांत्य सामन्यापर्यंत एकही सेट गमावला नव्हता. तो सामना नेब्रास्काशी, तोही नेब्रास्कातल्याच ओमाहा शहरात, १७ हजारांहून जास्त प्रेक्षकांसमोर. पहिले दोन सेट जिंकले, पुढचे दोन हरले. ज्या मुलींना हंगामभर सेट हरणं माहीतच नव्हतं, त्यांनी पाचवा सेट जिंकून दाखवला. २००९ च्या अंतिम सामन्यात टेक्सासविरुद्ध ०-२ वरून ३-२. शेवटी ११ सप्टेंबर २०१० ला मालिका तुटली. तोडली कुणी? पुन्हा स्टॅनफोर्डनेच. त्या हंगामात पेन स्टेट ५ सामने हरलं आणि डिसेंबरमध्ये सलग चौथं विजेतेपद घेऊन घरी आलं. १०९ चं ओझं उतरलं, पण रोजचं काम तेच राहिलं.

आता मुद्द्याचं बोलतो. आकडे आपल्यालाही नवीन नाहीत. आपण तर त्यातच राहतो. मी पूर्वी एका ठिकाणी होतो तिथे वर्षाला किती तिकिटं बंद केली यावर रेटिंग ठरायचं. माझ्या शेजारी बसणारा एक जण अवघड बग शोधायचा, महिन्यातून दोनच, पण असे की रात्री-अपरात्री येणारे फोन थांबायचे. त्याचं रेटिंग कायम खालचं. कारण आकडा काढणाऱ्याने त्याचा कोड कधी उघडून पाहिलाच नव्हता. टाळ्या मोजल्या, चेंडू मोजले नाहीत.

रोझच्या वहीत आणि त्या एक्सेल शीटमध्ये फरक काय? दोन्हीकडे आकडेच. पण रोझच्या बाबतीत मोजणारा आणि शिकवणारा माणूस एकच होता. वहीत 'चूक' अशी खूण करायची तर तो चेंडू डोळ्यांनी बघावा लागतो. हात कुठे होता, पाय वेळेवर पोचले का, उचलून देणारीनेच चेंडू वाईट दिला होता का. आणि दुसऱ्या दिवशी सरावाला त्याच मुलीसमोर उभं राहून ते सांगावंही लागतं. त्याचं सांगणं तिरकस असायचं, सगळ्यांना मानवण्यासारखं नसणार. पण ज्याने आपला प्रत्येक चेंडू पाहिलाय त्याचा टोमणा आणि ज्याने काहीच पाहिलं नाही त्याचं गोड ईमेल, यात मी तरी टोमणा निवडेन.

या पद्धतीतून काय निघालं ते बघा. २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या महिलांनी व्हॉलीबॉलचं पहिलं सुवर्ण जिंकलं, त्या संघात मीका हॅनकॉक आणि हेली वॉशिंग्टन या त्याच्या दोन विद्यार्थिनी होत्या.

रोझ २०२१ च्या अखेरीस निवृत्त झाला. त्याच्या जागी आली केटी शूमाकर-कॉली, १९९९ च्या त्या पहिल्या विजेत्या संघातली खेळाडू आणि नंतर त्याची सहायक. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिने आपल्याला स्तनाचा कर्करोग झाल्याचं जाहीर केलं. केमोथेरपी चालू असताना ती बाकावर येत राहिली. डिसेंबरमध्ये उपांत्य सामन्यात समोर नेब्रास्का, पहिले दोन सेट हरलेले. तिथून जिंकले. मग अंतिम सामन्यात लुईव्हिलला त्यांच्याच शहरात ३-१ ने हरवलं. १९८१ पासून ही स्पर्धा मुलींची, पण विजेत्या संघाची मुख्य कोच स्त्री असण्याची ती पहिलीच वेळ.

पेन स्टेटचं ते आठवं विजेतेपद. रोझच्या खात्यावर ७ च लिहिलेली आहेत आणि नियमाने ते बरोबरच आहे. मी मात्र माझ्या हिशोबात साडेसात धरतो.