यंत्रांचे वैद्य

महाराष्ट्राचा किनारा कोठून कोठवर, असे शाळेत विचारले की मुले ‘झाईपासून रेडीपर्यंत’ असे उत्तर देतात, आणि ७२० किलोमीटर हा आकडाही सांगून मोकळी होतात. बोर्डीच्या पुढे, गुजरातच्या सीमेला टेकलेले हे मच्छीमारांचे गाव. १ मे १९६० रोजी द्विभाषिक मुंबई राज्य विभागले गेले, तेव्हा जुन्या ठाणे जिल्ह्यातील उंबरगाव तालुकाही दुभंगला. उंबरगाव तिकडे गेले; इकडे उरलेल्या गावांचा पुढे तलासरी तालुका झाला. सीमा आखणाऱ्यांनी आखली, परंतु आजारी माणूस नकाशा पाहून घराबाहेर पडत नाही. आजही या बाजूचा रुग्ण तलासरी-डहाणूला जातो, तसाच वलसाड-सिल्वासाकडेही जातो.

का जातो? डॉक्टर नाहीत, औषध नाही, ही कारणे आपण नेहमी ऐकतो आणि ती खोटी नव्हेत. पण आणखी एक कारण असते, त्याची चर्चा सभांतून होत नाही: यंत्र आहे, पण ते बंद आहे. मच्छीमाराला हे समजावून सांगण्याची गरज नाही. बोटीसाठी इंजिन घेताना त्याचा मिस्त्री कोण, सुटे भाग कोठे मिळतात, हे तो आधी विचारतो. कारण समुद्रात इंजिन बंद पडले म्हणजे काय, हे त्याला ठाऊक असते. आपल्या रुग्णालयांनी मात्र हा साधा प्रश्न विचारावयास फार वर्षे लावली. हा प्रश्न ज्याचा आहे त्या व्यवसायास आज जैववैद्यकीय अभियांत्रिकी असे भारदस्त नाव आहे. मुलाने ही पदवी घेतली तर पुढे काय करावयाचे, असे पालक चिंतेने विचारतात. त्याचे उत्तर या व्यवसायाच्या कुळकथेतच सापडेल असे मला वाटते.

या कुळाचा मूळपुरुष शोधू गेल्यास हॉलंडमधील लायडन गावी जावे लागते. विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी आइंटहोव्हन या शरीरशास्त्रज्ञाने हृदयाच्या विजेचा आलेख काढणारे यंत्र सिद्ध केले. त्याचे वजन सुमारे २७० किलो. चालवावयास पाच माणसे. रुग्णाने हातपाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसावयाचे! रुग्णालय प्रयोगशाळेपासून सुमारे दीड किलोमीटरवर होते, म्हणून १९०५ साली त्याने टेलिफोनच्या तारेवरून हृदयाचे ठोके मागविले. १९२४ साली त्यास नोबेल पारितोषिक मिळाले. आज आरोग्य केंद्रात पिशवीत मावणारे जे ईसीजी यंत्र दिसते, त्याचा हा आजोबा.

परंतु व्यवसाय म्हणून हे काम उभे राहिले ते दुरुस्तीच्या दुकानातून. १९४९ साली अमेरिकेतील मिनिआपोलिस शहरी अर्ल बॅकेन नावाच्या तरुण विद्युत अभियंत्याने आपल्या मेव्हण्याबरोबर एका गॅरेजमध्ये रुग्णालयांची उपकरणे दुरुस्त करण्याचे दुकान घातले. पहिल्या महिन्याची कमाई आठ डॉलर. दुरुस्तीच्या निमित्ताने तो शस्त्रक्रियागृहात जाऊ लागला, शल्यविशारदांच्या अडचणी ऐकू लागला. तेथे डॉक्टर लिलहाय लहान मुलांच्या हृदयावर शस्त्रक्रिया करीत आणि नंतर काही दिवस त्यांचे ठोके भिंतीतील विजेवर चालणाऱ्या यंत्राने सांभाळीत. ३१ ऑक्टोबर १९५७ रोजी शहराची वीज गेली. एक मूल दगावले. लिलहाय यांनी बॅकेनला विचारले, यावर काही करता येईल काय? बॅकेनने एका मासिकात छापलेली मेट्रोनोमची, म्हणजे गाण्याचा ठेका देणाऱ्या यंत्राची, विद्युतरचना घेतली आणि सुमारे चार आठवड्यांत बॅटरीवर चालणारी लहानशी पेटी तयार केली. प्रथम ती कुत्र्यावर पाहिली. दुसऱ्या दिवशी तो रुग्णालयात गेला तो पेटी एका मुलीच्या अंगावर चालू झालेली! वीज जाणे म्हणजे काय हे डहाणू-तलासरीच्या लोकांना सांगावयास नको. त्यावर तोड काढणारा माणूस दुरुस्तीवाला होता, हे मात्र सांगितले पाहिजे. ते गॅरेज म्हणजेच पुढची मेडट्रॉनिक ही जगड्व्याळ कंपनी.

अमेरिकेतील रुग्णालयांनी असे अभियंते नोकरीस ठेवू लागण्यामागे एक गंमतीची गोष्ट आहे. १९७१ साली राल्फ नेडर या ग्राहककैवाऱ्याने एका महिलांच्या मासिकात लिहिले की, रुग्णालयांतील सदोष उपकरणांमुळे दर वर्षी १२०० माणसे विजेच्या धक्क्याने मरतात. हा आकडा कधीच सिद्ध झाला नाही. तथापि रुग्णालये घाबरली आणि उपकरणे तपासणारी माणसे नेमू लागली. चुकीच्या आकड्यातूनही कधी चांगले काम होते.

आपल्याकडे निर्मितीचे काम उशिरा पण जिद्दीने झाले. त्रिवेंद्रमच्या श्रीचित्रा संस्थेत डॉ. वलियाथन आणि अभियंते भुवनेश्वर यांनी हृदयाची कृत्रिम झडप घडविली. तीन नमुने फसले, चौथा टिकला आणि ६ डिसेंबर १९९० रोजी तो प्रथम रुग्णास बसविला गेला. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने कर्करोगावरील किरणोपचारासाठी ‘भाभाट्रॉन’ बनविला. पवईच्या आयआयटीत २०१४ पासून राज्य शासनाच्या साहाय्याने ‘बेटिक’ हे केंद्र डॉक्टर व अभियंते यांना एकत्र बसवून उपकरणे घडवीत आले आहे.

निर्मितीचे हे कौतुक खरे. पण देखभालीची कथा निराळी आहे. केंद्र शासनाने देशभरच्या सरकारी रुग्णालयांतील उपकरणांची मोजदाद केली, तेव्हा २९,११५ आरोग्यसंस्थांत ७,५६,७५० उपकरणे आढळली. किंमत सुमारे ४,५६४ कोटी रुपये. त्यांपैकी बंद पडलेल्यांचे प्रमाण राज्याराज्यांत १३ ते ३४ टक्के होते. २०१५ पासून त्यावर देखभालीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. जिल्हा रुग्णालयांत ९५ टक्के, ग्रामीण रुग्णालयांत ९० टक्के आणि प्राथमिक केंद्रांत ८० टक्के वेळ उपकरण चालू राहिले पाहिजे, असे त्यात ठरले. गाव जितके दूर तितकी सवलत अधिक, हा हिशेब मला पटत नाही. दुसरे केंद्र जवळ नाही, तेथेच यंत्र अधिक चालावयास हवे.

९ जानेवारी २०२१ च्या रात्री भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षात आग लागून दहा बालके गेली. त्याच वर्षी २१ एप्रिलला नाशिकात प्राणवायूच्या टाकीस गळती लागली, पुरवठा खंडित झाला आणि किमान २२ रुग्ण दगावले. डॉक्टरांचे ज्ञान दोन्ही ठिकाणी हतबल झाले. वायर, झडप, नळी यांकडे रोज पाहणारा माणूस रुग्णालयात हवा, तो एवढ्यासाठी.

तेव्हा पालकांच्या प्रश्नाकडे येतो. पदवीधरांपैकी पुष्कळ जण परदेशी यंत्रे विकणाऱ्या कंपन्यांत जातात. पगार बरा, फिरती मोठी. काही संशोधनाकडे, काही परदेशी. २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांनंतर उपकरणांची जोखमीनुसार चार वर्गांत विभागणी झाली आणि परवाने, चाचण्या, कागदपत्रे यांचे नवे काम निघाले. ज्यांना लिहिण्याची आवड आहे त्यांनी ते पाहावे. रुग्णालयातील देखभालीच्या नोकरीस मात्र मुले नाक मुरडतात, तिला ‘मेकॅनिकचे काम’ म्हणतात. कंत्राटी नेमणूक आणि बेताचे वेतन ही त्यांची तक्रार रास्त आहे, आणि ती शासनाने ऐकली पाहिजे. पण कामाच्या दर्जाविषयी त्यांचा गैरसमज आहे. बॅकेनने जे शिकले ते याच कामावर.

देखभाल कार्यक्रमात उपकरणाला क्रमांकाची चिठ्ठी लावतात आणि बिघाड कळविण्यासाठी बिनशुल्क दूरध्वनी ठेवतात. पुढच्या वेळी आरोग्य केंद्रात गेलात तर ती चिठ्ठी शोधून पाहा, आणि सिस्टरना विचारा की फोन केल्यावर माणूस किती दिवसांनी येतो.