कट्टुमरम, कयाक आणि ल मॉर्नचा डोंगर

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं की पुढचा भाग कुठल्या किल्ल्यावर. तर आज किल्ला नाही. आज मॉरिशसच्या एका सहलीबद्दल बोलायचंय. सहल म्हणजे अगदी पॅकेजमधली: 'कॅटमरान क्रूझ, पूर्ण दिवस, जेवणासहित'. आई-बाबांना घेऊन गेलो होतो. सकाळी बेटाच्या पश्चिमेच्या ब्लॅक रिव्हर गावातून निघायचं, वाटेत डॉल्फिन दिसले तर बघायचे, मग स्नॉर्केलिंग, कयाक, बोटीवरच भाजलेले मासे आणि चिकन, दुपारी इल ओ बेनितिए नावाच्या छोट्या बेटावर थोडं फिरायचं आणि चारच्या सुमारास परत.

धक्क्यावर उभे असताना बाबांनी विचारलं, "कॅटमरान म्हणजे काय रे नक्की?" मी सांगितलं, दोन धडांची बोट. दोन अरुंद बोटी शेजारी-शेजारी, आणि मध्ये दोघींना जोडणारा माचा. बाबा म्हणाले, "ते दिसतंय मला. नावाचं विचारतोय."

तर नावापासून सुरुवात करू.

शब्द तमिळ आहे, कट्टुमरम. कट्टु म्हणजे बांधणं, मरम म्हणजे लाकूड. ओंडके दोरीने एकत्र बांधायचे, पुढचं टोक जरा वर आणायचं, झाली होडी. आतमध्ये पाणी शिरायचा प्रश्नच नाही, कारण 'आत' असं काही नाहीच. कोरोमंडल किनाऱ्यावर लाटा सरळ वाळूवर फुटतात, नैसर्गिक बंदरं फारशी नाहीत. तिथे फळ्यांची जड होडी आपटून फुटेल, पण हे ओंडके लाटेखालून जाऊन पुन्हा वर येतात. विल्यम डॅम्पियर नावाच्या इंग्रज दर्यावर्द्याने १६९७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात हा शब्द वापरला आणि तिथून तो इंग्रजीत रुळला.

आता गंमत बघा. आम्ही ज्या बोटीत चढलो तिचा कट्टुमरमशी काहीच संबंध नाही. दोन धडं जोडण्याची कल्पना पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरच्या लोकांची. पॉलिनेशियन लोकांनी अशा जोडहोड्यांवर माणसं, डुकरं, कोंबड्या, रताळी सगळं लादून हजारो किलोमीटर पार केले. १८७६ मध्ये नॅथॅनिएल हेरशॉफ नावाच्या अमेरिकन माणसाने त्याच तत्त्वावर 'अमेरिलिस' नावाची शिडाची बोट बांधली आणि न्यूयॉर्कच्या शर्यतीत सगळ्यांना मागे टाकलं. बाकीच्यांनी तक्रार केली, आणि अशा बोटींनाच शर्यतीत मनाई झाली! म्हणजे नाव तमिळ कोळ्यांचं, बांधणी पॉलिनेशियन आणि आजचा उपयोग पर्यटकांना मासे खाऊ घालण्याचा. आपल्या कोकणात होडी कलंडू नये म्हणून बाजूला लाकूड बांधतात, ती उलांडी. तिला मात्र जगात कोणी उचललं नाही. असो.

नावाचा आणि मॉरिशसचा मात्र खरा संबंध आहे. बेट फ्रेंचांकडे असताना ला बुर्दोने हा तिथला गव्हर्नर होता, १७३५ पासून. पोर्ट लुई हे बंदर त्याने उभं केलं, आणि त्यासाठी पाँडिचेरीकडून तमिळ कारागीर आणले. १७४६ मध्ये त्याने आरमार घेऊन मद्रास जिंकलं. त्या काळी मद्रासला धक्का नव्हता. मोठी जहाजं लांब नांगर टाकायची आणि किनाऱ्यापर्यंत निरोप न्यायचं काम कट्टुमरमवाले करायचे. तर बेटावरच्या लोकांना ही ओंडक्यांची होडी ठाऊक होती, ती अशी.

ब्लॅक रिव्हरहून निघालो. मॉरिशसभोवती जवळपास सगळीकडे प्रवाळाचा कठडा आहे. किनारा आणि कठडा यांच्यामध्ये उथळ, शांत, हिरवट-निळं पाणी, म्हणजे लगून. स्नॉर्केलिंग तिथेच होतं. कठड्यात अधूनमधून खिंडी असतात, आणि त्या बऱ्याचदा नदीच्या मुखासमोर असतात, कारण प्रवाळाला गोडं पाणी मानवत नाही. नदी नसती तर खिंड नसती, खिंड नसती तर जहाज आत आलं नसतं. शिवाय दोन धडांची बोट पाण्यात फार खोल बुडत नाही, म्हणून ती या उथळ पाण्यात आरामात फिरते. पर्यटन कंपन्यांना ती आवडते त्यामागे एवढं साधं कारण आहे.

पाण्यात डोकं घातल्यावर काय दिसलं ते मी वर्णन करत बसणार नाही. मालवणला स्नॉर्केलिंग केलं असेल तर त्याहून बरंच स्वच्छ पाणी आणि जास्त मासे, एवढं समजा. आईने आधी नाही नाही म्हणत शेवटी मास्क लावला आणि मग ती बाहेर यायला तयार नव्हती.

मी कयाक घेतली. बोटीवरच्या माणसाने एकच सूचना दिली: ती पांढरी रेघ दिसतेय ना, तिकडे जाऊ नका. पांढरी रेघ म्हणजे कठड्यावर फुटणाऱ्या लाटा. मी वल्हं हातात घेऊन निवांत बसलो, आणि पाच मिनिटांत लक्षात आलं की आपण काही न करता तिकडेच चाललोय. या भागात वर्षातला बराच काळ आग्नेयेकडून वारा वाहतो. पश्चिम किनाऱ्यावर तो तुम्हाला जमिनीपासून समुद्राकडे ढकलतो. परत वळलो तर वारा तोंडावर. दंड भरून आले. पंधरा मिनिटं लागली असतील बोटीपाशी यायला, आणि तेवढा वेळ समोर एकच गोष्ट दिसत होती: ल मॉर्नचा डोंगर.

ल मॉर्न बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला आहे. उंची ५५६ मीटर, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या मानाने काहीच नाही. पण समुद्रातून एकदम वर उठतो आणि बाजूंचे कडे सरळ तुटलेले. ट्रेक करणाऱ्याला बघताक्षणी वाटतं, इथे वर पोचलेल्या माणसाला खालून पकडणं अवघड आहे. नेमकं तेच झालं होतं.

मॉरिशसवर मूळ रहिवासी असे कोणी नव्हते. डचांनी १५९८ मध्ये बेटाला नाव दिलं, १६३८ मध्ये वस्ती केली, आणि पुढच्या काही वर्षांतच मादागास्करहून गुलाम आणले. त्यातले कितीतरी लगेच जंगलात पळाले. अशा पळालेल्यांना मरून म्हणत. १६९५ मध्ये गुलामांनी डचांचा फ्रेडरिक हेन्ड्रिक हा किल्लाच पेटवला. त्या कटात असलेल्या एका बाईचं नाव आना, आणि नावापुढे गावाच्या जागी 'बंगाल'. म्हणजे गिरमिटियांच्या जवळपास एकशेचाळीस वर्षं आधी एक हिंदुस्थानी बाई गुलाम म्हणून त्या बेटावर होती आणि मालकाचा किल्ला जाळत होती. शाळेत आपण मॉरिशस म्हणजे ऊस आणि गिरमिटिये एवढंच वाचतो. आना कुठे भेटत नाही.

डच १७१० मध्ये निघून गेले, मग फ्रेंच आले. त्यांनी १७२३ मध्ये गुलामांसाठी कायदा लागू केला. महिनाभर पळून राहिला तर कान कापायचे आणि खांद्यावर डाग द्यायचा. दुसऱ्यांदा पळाला तर पायाची शीर कापायची. तिसऱ्यांदा मृत्युदंड. हे गुपचूप चालत नव्हतं, छापील कायदा होता. तरी माणसं पळत होती. काही ल मॉर्नसारख्या डोंगरांवर, आणि काही समुद्राकडे.

बर्नार्दिन द सँ-पिएर हा फ्रेंच लेखक १७६८ च्या सुमारास बेटावर होता. १७७३ च्या त्याच्या प्रवासवर्णनात नोंद आहे की पळालेले गुलाम कधीकधी एखादी लहान होडी मिळवून, शीड नाही, शिधा नाही, होकायंत्र नाही, अशा अवस्थेत मादागास्करकडे निघत. मादागास्कर तिथून आठशे किलोमीटरच्याही पलीकडे. दिशा पश्चिमेची. ज्या वाऱ्याने माझे दंड भरून आणले तो त्यांच्या पाठीवर होता. हे मी नंतर खोलीवर वाचलं. आणि खरं सांगतो, दुपारी जी पंधरा मिनिटं मला त्रासाची वाटली होती त्यांची लाज वाटली.

आता ल मॉर्नची ती गोष्ट, जी तिथला प्रत्येक जण सांगतो. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट घेतलं. १ फेब्रुवारी १८३५ ला तिथली गुलामगिरी कायद्याने संपली. गोष्ट अशी की त्यानंतर पोलिसांची एक तुकडी डोंगरावर निघाली, वरच्या लोकांना सांगायला की तुम्ही आता मोकळे आहात. वरच्यांना वाटलं पकडायला आले. त्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या.

आमच्या कामात निरोप पाठवला म्हणजे पोचला असं कोणी धरत नाही, समोरून पोच यावी लागते. इथे तर निरोप नेणाऱ्यांचा गणवेशच चुकीचा होता.

हे असंच घडलं याचा कागदी पुरावा नाही. ही तोंडी परंपरा आहे, आणि इतिहासाचा पॉडकास्ट चालवतो म्हणून ते सांगणं माझं काम आहे. पण जे लोक कागदावर फक्त मालमत्ता म्हणून नोंदले गेले, त्यांच्या मरणाचा कागद मागायचा कोणाकडे? वर माणसं राहत होती याच्या खुणा सापडल्या आहेत, पायथ्याशी बिननावाच्या कबरी उकरल्या गेल्या आणि त्यात तान्ह्या मुलांच्याही होत्या. २००८ मध्ये युनेस्कोने डोंगराला जागतिक वारसा यादीत घेतलं, तेही मुख्यतः या तोंडी आठवणीच्या जोरावर. मला ते योग्य वाटतं.

आणि एक गोष्ट, जी ऐकून बाबा बराच वेळ गप्प होते. गुलामगिरी संपली तेव्हा इंग्रज सरकारने नुकसानभरपाई दिली. मालकांना! मॉरिशसच्या मळेवाल्यांना २० लाखांहून जास्त पौंड मिळाले. गुलामांना शून्य, उलट काही वर्षं त्याच मालकाकडे 'शिकाऊ' म्हणून सक्तीने काम. ते संपल्यावर बहुतेकांनी उसाच्या शेताकडे पाठ फिरवली. मळेवाल्यांच्या हातात रोख होती आणि मजूर हवे होते. ते १८३४ पासूनच कलकत्त्याहून येऊ लागले होते, मग मद्रास आणि मुंबईहूनही. मुंबईच्या जहाजांत रत्नागिरी-साताऱ्याकडची आपली माणसं होती. पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये, एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांचा पगार कापायचा. नंतर तर फोटो लावलेला पास जवळ नसेल तर भटक्या म्हणून अटक. आणि करार मोडून जो पळायचा त्यालाही शब्द कुठला लावत? तोच जुना, मरून.

आपण मॉरिशसच्या मराठी माणसांबद्दल फार अभिमानाने बोलतो. तिथे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, शाळेत मराठी शिकता येतं, कास्कावेलसारख्या गावात मराठी वस्ती आहे. सगळं खरं आहे, मीही बोलतो. पण ती माणसं तिथे का नेली गेली हा प्रश्न आला की आपली गोष्ट थेट बोटीतून उतरल्यापासून सुरू होते. त्या शेतात कालपर्यंत कोण होतं आणि ते का सोडून गेलं, हे आपण विचारत नाही. आपली माणसं स्वस्तात आणली गेली म्हणून सुटलेल्या गुलामांना मजुरीचा भाव मागता आला नाही, हेही त्याच हिशेबात येतं. त्यात आपल्या पणजोबांचा दोष नव्हता. पण हिशेब तोच आहे.

बोटीवर जेवण वाढणारा मुलगा माझ्याच वयाचा असेल. कुरळे केस, सावळा. बाबांना सवय आहे, कोणालाही गाव विचारायची. त्यांनी इंग्रजीत विचारलं, तुम्ही इंडियन का? तो हसला. म्हणाला, मी क्रेओल. मग प्लेट ठेवता ठेवता म्हणाला, आईची आजी मराठी होती, तिच्या घरी गणपती बसायचा. बाबा एकदम उठून बसले. "म्हणजे आपलेच की!" हे मराठीत म्हणाले. त्याला अर्थातच कळलं नाही. मी इंग्रजीत सांगितलं, बाबा म्हणतायत तुम्ही आमचेच. तो ल मॉर्नकडे हात करून म्हणाला, "आणि वडिलांकडचे तिकडचे."

तेवढ्यात कोणीतरी सेगा लावला. सेगा हे तिथल्या गुलामांनी घडवलेलं गाणं-नाच. रावान नावाचं, बकऱ्याचं कातडं ताणलेलं गोल वाद्य विस्तवाजवळ तापवून त्यावर ते वाजवतात. २०१४ पासून सेगासुद्धा युनेस्कोच्या यादीत आहे. स्पीकरवरून तो जरा कर्कशच वाजत होता. पर्यटक नाचायला उठले, आईसुद्धा. बाबा नाचले नाहीत. ते त्या मुलाला आजीचं नाव विचारत होते, आणि तो आठवायचा प्रयत्न करत होता.

बेनितिएवर उतरून तासभर फिरलो, शहाळं प्यायलो, परत निघालो. बंदरात शिरताना तो मुलगा पुढच्या जाळीवरून चालत बाबांजवळ आला. नाव काही त्याला आठवलं नव्हतं. आईला फोन करून विचारतो म्हणाला, आणि बाबांचा नंबर लिहून घेतला.