स्टेंट, आकडा आणि तुंबलेली किडनी

‘स्टेंट’ म्हटलं की आपल्याकडे हात छातीकडे जातो. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारने हृदयाच्या स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली, तेव्हा हा शब्द वर्तमानपत्रांत गाजला. त्यामुळे मुतखड्यासाठी दाखल केलेल्या माणसाच्या घरच्यांना डॉक्टर म्हणाले, ‘स्टेंट टाकावा लागेल’, की पहिला प्रश्न येतो, ‘हार्टचं पण काही निघालं का?’ हा गैरसमज मिनिटभरात दूर होतो. दुसरा मात्र कुणी बोलून दाखवत नाही, म्हणून तो तसाच राहतो. हृदयातला स्टेंट जन्मभर आत असतो, तसाच हाही असणार, असं लोक धरून चालतात.

मुळात या शब्दाचा हृदयाशी संबंध नव्हता, मूत्रमार्गाशीही नव्हता. चार्ल्स थॉमस स्टेंट हे एकोणिसाव्या शतकातले लंडनचे दंतवैद्य. कवळी करायची तर आधी हिरड्यांचा ठसा घ्यावा लागतो. त्यासाठी तेव्हा गटापर्चा हा झाडाचा चीक वापरत, पण तो निवताना आकसायचा आणि ठसा बिघडायचा. स्टेंट यांनी त्यात स्टिअरिन, राळ, शंखजिरं अशा गोष्टी मिसळून आकार धरून ठेवणारा लगदा तयार केला. पहिल्या महायुद्धात योहानेस एसर या डच शल्यविशारदाने चेहरे फाटलेल्या सैनिकांवर त्वचारोपण करताना तोच लगदा साच्यासारखा वापरला. नवी कातडी जागेवर चिकटेपर्यंत तिला आतून आधार द्यायचा आणि मग साचा काढून घ्यायचा, अशी त्याची रीत. लगद्याचं नाव साच्याला मिळालं, साच्याचं नाव आधार देणाऱ्या कुठल्याही वस्तूला. पुढे पित्तनलिका, मूत्रवाहिनी, रक्तवाहिनी असा या शब्दाचा प्रवास झाला. हृदयाच्या रक्तवाहिनीत पहिला स्टेंट १९८६ मध्ये बसला. मूत्रवाहिनीतला आजचा दोन वाकड्या टोकांचा स्टेंट त्याच्या आधीचा, १९७८ चा. म्हणजे काम झाल्यावर काढून घ्यायचा आधार हा या शब्दाचा जुना अर्थ, आणि मूत्रवाहिनीने तो जपला आहे.

हा आधार लागतो कशाला, ते समजायला सोनोग्राफीच्या रिपोर्टकडे वळावं लागतं. तो वाचून डॉक्टर सांगतात, ‘किडनीला सूज आहे.’ सूज म्हटल्यावर रुग्णाला वाटतं, गोळ्या घेतल्या की उतरेल. घोटा मुरगळला की येते तीही सूजच. पण इथे बहुतेक वेळा म्हणायचं असतं ते वेगळंच. खाली वाट अडली आहे, वर लघवी तयार होणं थांबलेलं नाही आणि तुंबलेल्या लघवीने किडनी फुगली आहे. ‘तुंबणे’ हे आपलं नेमकं क्रियापद हाताशी असताना ‘सूज’ का वापरतात, कळत नाही. ‘किडनी तुंबली आहे’ म्हटलं तर ती मोकळी करायला हवी, हे निराळं समजावून सांगावं लागणार नाही.

किडनीतून मूत्राशयात लघवी नेणारी ही वाट म्हणजे मूत्रवाहिनी. ती मोठ्या माणसात २५ ते ३० सेंटिमीटर लांब आणि तीन-चार मिलिमीटर रुंद असते. तीन ठिकाणी ती आणखी अरुंद होते: किडनीतून निघताना, कमरेतल्या मोठ्या रक्तवाहिन्या ओलांडताना आणि मूत्राशयात शिरताना. खडा अडकतो तो बहुधा यांतल्याच एका जागी. मग जी कळ उठते तिला वैद्यकाच्या ग्रंथांत शूल म्हटलं आहे. शूल म्हणजे भाला. गुन्हेगाराला ज्यावर चढवत तो सूळ आणि पोटशूळातला शूळ हे याच शब्दाचे वंशज. ज्याने रात्रभर कूस बदलत ही कळ काढली आहे, त्याला ही व्युत्पत्ती पटवून द्यावी लागत नाही. खड्याला संस्कृतात अश्मरी म्हणतात, अश्म म्हणजे दगड यावरून. सुश्रुतसंहितेत अश्मरीवरच्या शस्त्रक्रियेचं सविस्तर वर्णन आहे. लघवीतून पडणाऱ्या बारीक रेवेला तिथे शर्करा म्हटलं आहे, कारण शर्करेचा जुना अर्थ खडी, वाळू असा. आपली साखर त्याच शब्दातून आली.

खड्याबरोबर थंडी वाजून ताप आला तर एकेक तास मोलाचा होतो. तुंबलेल्या लघवीत जंतू वाढले तर ते रक्तात पसरून जीव जाऊ शकतो. अशा वेळी खड्याला हात न लावता आधी मूत्रवाहिनीत लघवीला वाट करून देणारी नळी, म्हणजे स्टेंट, टाकतात, किंवा पाठीतून किडनीत नळी घालून ती रिकामी करतात. खडा नंतर, ताप उतरल्यावर. ‘ऑपरेशन केलं आणि खडा आतच?’ असं नातेवाईक रागाने विचारतात. पण माणूस वाचतो तो त्याच निर्णयामुळे.

दुर्बिणीने खडा फोडल्यावरही स्टेंट ठेवतात, कारण हाताळणीने मूत्रवाहिनी आतून सुजते (ही खरी सूज) आणि वाट पुन्हा बंद होऊ शकते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची गाठ बाहेरून दाबत असेल, मूत्रवाहिनी जन्मतः किंवा जखमेच्या व्रणाने अरुंद झाली असेल, शस्त्रक्रियेत तिला इजा झाली असेल, किडनीचं प्रत्यारोपण करताना नवा सांधा जोडला असेल, तरीही तो लागतो. गरोदरपणात खडा अडकला तर बाळंतपणापर्यंत वेळ काढायलाही त्याचा उपयोग होतो.

रुग्णालयात याला ‘डीजे’ म्हणतात, डबल जे. नळीचं एक टोक किडनीत आणि दुसरं मूत्राशयात जे या अक्षरासारखं वळलेलं असतं, म्हणून ती वर सरकत नाही की खाली घसरत नाही. मराठीत याला ‘आकडा’ हा शब्द फार चांगला बसतो. संस्कृत अंक म्हणजे बाक, वळण. त्यातूनच गळाचा आकडा आला आणि गणिताचाही. जाडी मोजतात ती ‘फ्रेंच’मध्ये. पॅरिसमध्ये शस्त्रक्रियेची उपकरणं बनवणारे शारिएर यांनी ते माप रूढ केलं. एक फ्रेंच म्हणजे एक तृतीयांश मिलिमीटर. म्हणजे सहा फ्रेंचचा स्टेंट दोन मिलिमीटर जाड.

क्रियापदांकडेही पाहण्यासारखं आहे. हृदयात स्टेंट ‘बसवतात’, मूत्रवाहिनीत ‘टाकतात’ किंवा ‘घालतात’. बसवलेली वस्तू तिथेच राहायची असते. घातलेली काढता येते. लोकांच्या बोलण्याने हा फरक आपोआप केला आहे.

हा फरक डिस्चार्ज कार्डावर मात्र उतरत नाही. तिथे बहुधा इंग्रजीत एकच ओळ असते: डीजे स्टेंट इन सिटू. इन सिटू हे लॅटिन, अर्थ ‘जागेवर’. स्टेंट जागेवर आहे हे वाचून सगळं जागच्या जागी आहे असंच कुणालाही वाटेल. त्यात वारंवार लघवीला लागणं, लघवी करताना कुशीत दुखणं, मधूनच लघवी लालसर होणं हा त्रास सवयीचा झाला की माणूस दवाखान्याची वाट विसरतो. नळीवर क्षार बसत जातात आणि खड्यासाठी टाकलेल्या नळीवरच खडा धरतो. मग एरवी काही मिनिटांत, मूत्रमार्गात सुन्न करणारी जेली घालून निघणारा स्टेंट काढायला मोठी शस्त्रक्रिया लागते, कधी किडनीच निकामी होते. साधारणपणे तो काही दिवस ते काही आठवडे ठेवतात. जास्त काळ लागणार असेल तर डॉक्टर ठरावीक महिन्यांनी बदलतात.

त्या इंग्रजी ओळीखाली मराठीत आणखी एक ओळ लिहायला जागा असते. ‘नळी आत आहे. अमुक तारखेला काढायची आहे.’ तारीख रकान्यात नको, वाक्यात हवी, आणि ती रुग्णाबरोबर घरच्या कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्यायला हवी.