उशिरा आलेला सभासद

तळेगावाहून मुलांना सेवाग्राम दाखवायला नेले, की मी त्यांना एका अर्जाची हकीकत सांगतो.

गोखल्यांनी १९०५ साली पुण्यात भारत सेवक समाज स्थापला. तेथे सभासद व्हायचे म्हणजे वर्गणी भरणे नव्हे. सात शपथा घ्यायच्या, पाच वर्षे उमेदवारी करायची. १९१५ साली गांधी आफ्रिकेहून परतले, तेव्हा त्यांचे वय पंचेचाळीस. गोखल्यांना ते समाजात हवे होते. इतर सभासदांना मात्र त्यांची कार्यपद्धती आपल्याशी जुळेल, अशी खात्री वाटेना. १९ फेब्रुवारीस गोखले वारले. मतभेद मिटेनात, तेव्हा गांधींनी अर्ज आपण होऊनच मागे घेतला. त्यामुळेच आपण समाजाचे खरे सभासद झालो, असे त्यांनी पुढे आत्मकथेत लिहिले.

त्याच वर्षी मे महिन्यात अहमदाबादेजवळ कोचरबला त्यांचा आश्रम निघाला. १९१६ साली बडोदा कॉलेजातला एक विद्यार्थी इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघाला, पण सुरतेलाच उतरून काशीला गेला. तेथून ७ जूनला तो कोचरबला पोहोचला. गांधी भाजी चिरीत बसले होते. त्यांनी पाहुण्याच्याही हाती सुरी दिली. तोच प्रवेशविधी! हेच विनोबा १९२१ साली आमच्या वर्ध्याला आश्रम चालवायला आले.

पुण्याच्या सभासदांना मी दोष देत नाही. त्यांची शंका प्रामाणिक होती. पण वर्ष अर्धे सरल्यावर एखादे नवे पोर वर्गाच्या दाराशी बिचकून उभे राहते, तेव्हा दाखला मागण्याआधी मी त्याला फळा पुसायला सांगतो.