सागरी सूक्ष्मजीवाश्म आणि दक्षिण ट्रॅपचा कालनिर्णय

प्राचीन समुद्रांतील जे जीव अतिशय लहान असल्याने सूक्ष्मदर्शकाखालीच नीट दिसू शकतात, त्यांच्या खडकांत टिकून राहिलेल्या अवशेषांना सागरी सूक्ष्मजीवाश्म म्हणतात. फोरॅमिनीफेरा व ऑस्ट्रॅकोडा हे त्यांतील दोन महत्त्वाचे गट होत. फोरॅमिनीफेरा हे एककोशिक जीव असून पूर्वी त्यांची गणना प्राणिसृष्टीत होत असे. आता त्यांना प्राण्यांहून वेगळे मानतात. त्यांची कवचे बहुधा कॅल्शियम कार्बोनेटाची व अनेक कप्प्यांची असतात. ऑस्ट्रॅकोडा हे खेकडे व झिंगे यांच्याप्रमाणे कवचधर प्राणी असून त्यांचे शरीर दोन शिंपांत बंदिस्त असते. ते समुद्राप्रमाणेच गोड्या व मचूळ पाण्यातही राहतात.

पाण्यावर तरंगत राहणाऱ्या फोरॅमिनीफेरांच्या जाती अल्पावधीत दूरवर पसरतात व पुष्कळशा जाती भूवैज्ञानिक दृष्ट्या थोड्याच काळात नामशेष होतात. त्यामुळे एखाद्या थरात अशी जाती सापडली की, त्या थराचे वय बऱ्याच काटेकोरपणे ठरविता येते. त्यासाठी खडकाचा नमुना पाण्यात भिजवून फोडतात, अतिसूक्ष्म छिद्रांच्या चाळणीतून धुतात आणि उरलेल्या गाळातून बारीक कुंचल्याने कवचे वेचतात. मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी किंवा त्याहूनही लहान कवचे जाड चाळणीतून निघून जातात व त्यामुळे थर जीवाश्मरहित असल्याचा गैरसमज होऊ शकतो.

शिरूर-दौंड परिसर : पुणे जिल्ह्यातील घोड नदीकाठचे शिरूर व भीमेकाठचे दौंड हे दोन्ही तालुके दक्षिण ट्रॅपच्या बेसाल्ट खडकावर वसलेले आहेत. हा खडक जमिनीवर वाहत आलेल्या लाव्ह्याचा असल्याने त्यात सागरी जीवाश्म मिळत नाहीत. नद्यांच्या काठची गाळमाती त्या मानाने फारच अलीकडची असून तिच्यातील चुनखडीचे गोटे मातीतच तयार झालेले आहेत, समुद्रात नव्हे. बेसाल्टाच्या पोकळ्यांतील झिओलाइटे व गारा यांनाही कधीकधी चुकीने जीवाश्म समजले जाते. शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केलेल्या उत्खननात शंखाचे मणी मिळाले, पण ते माणसांनी किनाऱ्यावरून आणलेल्या शंखांचे होत.

बेसाल्टाच्या तळाशी काय आहे, याची कल्पना दूरच्या वेधनछिद्रांवरून येते. लातूर जिल्ह्यातील किल्लारी येथे १९९३ च्या भूकंपानंतर घेतलेल्या छिद्रात सु. ३३८ मी. बेसाल्टाखाली केवळ ८ मी. जाडीचा गाळाचा थर व त्याखाली प्राचीन स्फटिकी खडक लागला. कोयना भागात तर सु. ९३० मी. बेसाल्टाखाली थेट ग्रॅनाइटी खडक आढळला. तेव्हा शिरूर-दौंडच्या बेसाल्टाचे वय सांगणारे सागरी पुरावे या पठाराच्या कडेलाच शोधावे लागतात.

संशोधनाचा इतिहास : लाव्ह्याचे दोन उद्रेक होण्याच्या मधल्या काळात तळी व दलदली यांत गाळ साचला आणि पुढच्या लाव्ह्याने तो झाकला गेला. अशा थरांना आंतरट्रॅपी थर म्हणतात. वरच्या लाव्ह्याच्या आच्छादनामुळे त्यांची झीज टळली व नाजूक अवशेष टिकून राहिले. जे. जी. माल्कमसन यांनी १८३७ साली ट्रॅपच्या पूर्व भागातील जीवाश्मांचे वर्णन केले. त्यानंतर नागपूर येथील मिशनरी स्टीव्हन हिस्लॉप व रॉबर्ट हंटर यांनी टाकळी व इतर ठिकाणचे जीवाश्म गोळा करून १८५५ मध्ये नागपूर परिसराच्या भूविज्ञानावर निबंध प्रसिद्ध केला. हिस्लॉप यांच्या १८६० च्या निबंधात टी. रूपर्ट जोन्स यांनी ऑस्ट्रॅकोडांचे वर्णन केले. हे ऑस्ट्रॅकोडा गोड्या पाण्यातील होते. हिस्लॉप यांनी हे थर तृतीय कल्पाच्या आरंभीचे मानले.

पुढे डब्ल्यू. टी. ब्लॅनफर्ड यांनी ट्रॅप क्रिटेशस काळातील असल्याचे मत मांडले, तर बिरबल साहनी यांनी १९३४ मध्ये वनस्पतींच्या जीवाश्मांच्या आधारे तो तृतीय कल्पातील असल्याचे प्रतिपादन केले. गोड्या पाण्यातील शंखशिंपले व वनस्पती यांवरून हा वाद निर्णायकपणे मिटणे कठीण होते. त्यांची तुलना इतर देशांतील सागरी थरांशी सहजासहजी करता येत नव्हती.

या दृष्टीने गोदावरीच्या मुखाजवळील राजमहेंद्री महत्त्वाचे ठरले. तेथील आंतरट्रॅपी थरांत कालवांसारखे सागरी प्राणी पूर्वीपासून माहीत होते. १९३०–४० या दशकात एस्. आर्. नारायण राव व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील फोरॅमिनीफेरांचा अभ्यास केला. येथील लाव्ह्याचे रासायनिक संघटन पश्चिम घाटातील आंबेनळी व महाबळेश्वर या शैलसमूहांशी जुळते. त्यावरून हा लाव्हा प्राचीन नदीखोऱ्यांतून सु. १,००० किमी. वाहत गेला असावा, असे मानतात. म्हणजे राजमहेंद्रीच्या कवचांवरून घाटातील खडकांचे वय ठरविण्याचा मार्ग मोकळा झाला.

क्रिटेशसअखेरच्या महाविलोपाचा प्रश्न : सु. ६.६ कोटी वर्षांपूर्वी डायनोसॉर व समुद्रातील तरंगत्या फोरॅमिनीफेरांच्या बहुतेक जाती नष्ट झाल्या. १९८० साली लुईस अल्व्हारेझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी याचे कारण अशनिपात असल्याचे सुचविले. १९८६ मध्ये व्हँसाँ कुर्तियो यांच्या गटाने दक्षिण ट्रॅपचे उद्रेकही त्याच सुमाराचे असल्याचे दाखविले. त्यामुळे लाव्ह्याचे कोणते थर विलोपापूर्वीचे व कोणते नंतरचे, या प्रश्नाला जागतिक महत्त्व आले.

विलोपानंतर लवकरच पार्व्ह्युलारुगोग्लोबिजेरिना यूगुबिना ही अतिसूक्ष्म जाती उदयास आली व थोड्याच काळात नामशेष झाली. २००८ मध्ये गेर्टा केलर व सहकाऱ्यांनी राजमहेंद्री येथील दोन लाव्हास्तरांमधील थर विलोपानंतरच्या आरंभकाळातील असल्याचे दाखविले. २००९ मध्ये केलर, सुनील बाजपेयी व इतरांनी नागपूरच्या उत्तरेस, मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात, झिलमिली येथेही तशाच फोरॅमिनीफेरांची नोंद केली. त्यांच्यासोबत गोड्या व मचूळ पाण्यातील ऑस्ट्रॅकोडाही मिळाले. झिलमिली आजच्या कोणत्याही किनाऱ्यापासून शेकडो किमी. आत असल्याने त्या काळी समुद्राचा एक फाटा मध्य भारतापर्यंत आला असावा, असे या संशोधकांनी सुचविले. तो नर्मदा-तापीच्या खोऱ्यांतून आला की गोदावरीच्या बाजूने, याबद्दल एकमत नाही.

२०१९ मध्ये दोन गटांनी किरणोत्सर्गी मूलद्रव्यांच्या आधारे घाटातील लाव्ह्याचे वय अधिक काटेकोरपणे काढले. उद्रेक विलोपाच्या आधी सुरू झाले व नंतरही चालू राहिले, याविषयी दोन्ही गट सहमत आहेत. तथापि घाटातील नेमक्या कोणत्या थराशी विलोपाची सीमारेषा येते आणि किती लाव्हा तिच्यानंतरचा, याविषयी मतभेद आहेत. किरणोत्सर्गी पद्धतीने खडकाचे वय वर्षांत मिळते. समुद्रातील जीवसृष्टी त्या वेळी कोणत्या अवस्थेत होती, हे मात्र सूक्ष्म कवचांवरूनच कळते. म्हणून दोन्ही पद्धती परस्परपूरक ठरतात.

आंतरट्रॅपी थर बहुधा पातळ व तुटक असतात. दगडखाणी, रस्ते व वाढती वस्ती यांखाली ते सहज नाहीसे होतात. हिस्लॉप यांच्या अभ्यासाचे टाकळी आज नागपूर शहराच्या वस्तीत सामावले आहे. असा थर नष्ट झाला की, त्याच्या खालच्या व वरच्या लाव्ह्याचे वय जीवाश्मांवरून ठरविण्याचा तेथील पुरावाही कायमचा नाहीसा होतो.