शेल-शॉक : वाचेचा उपचार आणि वाचेचा अधिकार

फेब्रुवारी १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तीन सैनिकांच्या स्मृतिभ्रंशाची व दृष्टिदोषाची नोंद केली आणि ‘शेल-शॉक’ ही संज्ञा वैद्यकात रूढ झाली. तोफगोळ्याच्या स्फोटाने मज्जासंस्थेला इजा होते, हे तीत गृहीत होते. परंतु स्फोटाच्या आसपासही नसलेल्या सैनिकांत तीच लक्षणे आढळू लागली, तेव्हा हा प्रश्न शरीराइतकाच मनाचा ठरला.

या प्रश्नाला मिळालेल्या उत्तरांची दोन टोके लक्षणीय आहेत. एडिंबरोजवळील क्रेगलॉकहार्ट येथे, केवळ अधिकाऱ्यांसाठी असलेल्या रुग्णालयात, डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स रुग्णाला बोलते करीत. ‘विसरून जा’ हा सल्लाच रोगाला पोसतो. स्मृतीला सामोरे जाऊन तिच्यातील सुसह्य अंश शोधला पाहिजे, असे प्रतिपादन त्यांनी डिसेंबर १९१७ च्या निबंधात केले. याउलट लंडनच्या क्वीन स्क्वेअर येथे लुईस येलंड यांनी वाचा गेलेल्या सैनिकांच्या घशाला विजेचे झटके देऊन त्यांना बोलावयास लावले.

दोन्हीकडे वाचा परत येते; मात्र एकीकडे ती निवेदन असते, दुसरीकडे आज्ञापालन. दोन्हींचे लष्करी प्रयोजन एकच : सैनिक पुन्हा कामास यावा. क्रेगलॉकहार्टहून परतलेला विल्फ्रेड ओवेन ४ नोव्हेंबर १९१८ रोजी, युद्धविरामाच्या आठवडाभर आधी, रणांगणावर मारला गेला.

साहित्येतिहासाने ओवेन व सिगफ्रीड ससून यांच्या कवितेला साऱ्या युद्धाची साक्ष मानले. ती साक्ष खरीच आहे. पण ज्यांना बोलण्यास अवकाश व ऐकणारा लाभला, अशा वर्गाची ती आहे. साध्या शिपायाचे मौन येलंड यांच्या १९१८ च्या ग्रंथात उरले, तेही वैद्याच्या विजयकथेतील एक प्रसंग म्हणून.

व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या चळवळीनंतर, १९८० मध्ये, अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आघातोत्तर ताण विकृतीला निदानाचा दर्जा दिला. स्मृतीला टप्प्याटप्प्याने सामोरे नेणारे पुढील काळातील उपचार रिव्हर्स यांच्या भूमिकेशी नाते सांगतात. वैद्यकाने श्रोत्याचे महत्त्व असे मान्य केले. आघाताच्या साहित्याचा विचार करणाऱ्या समीक्षेनेही कवितेइतकीच रुग्णनोंद ही संहिता म्हणून वाचली पाहिजे. अन्यथा रुग्णालयांनी केलेली वर्गवारीच ती वाङ्मयीन मूल्य म्हणून पुढे चालवील.